नेट मधूनच जातं, मधूनच येतं: बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायची रीत

पूर्ण बंद पडलेलं नेट दुरुस्त करायला सोपं. केबल तुटलेली असते, रिचार्ज संपलेला असतो, नाहीतर डबा जळालेला असतो. डोकं खातं ते येऊनजाऊन असलेलं नेट. सातबारा उघडताना पान पांढरंच राहतं, रिफ्रेश मारलं की झटक्यात येतं, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. केबलवाल्याला बोलवावं तर तो दारात उभा असेपर्यंत सगळं सुरळीत.

अशा वेळी पहिली चूक होते ती लगेच राउटर बंद-चालू करण्याची. त्याने नेट बहुतेक वेळा येतंही, आणि घोळ तिथेच होतो. तापलेला राउटर, संपलेले आयपी पत्ते (राउटर प्रत्येक फोन-कॉम्प्युटरला वाटतो ते आकडी पत्ते), अडकलेलं वायफाय, ऑपरेटरकडे तुटलेलं लॉगिन हे सगळं बंद-चालू केल्यावर तात्पुरतं सुटतं. मग यातलं नेमकं काय होतं ते शोधायला काही खूणच उरत नाही. म्हणून नेट गेलं की आधी दोन मिनिटं पुढची तपासणी करा, नंतर खुशाल बटन दाबा.

तीन काळ्या खिडक्या

घरातल्या कॉम्प्युटरपासून वेबसाइटपर्यंतचा रस्ता तुकड्यातुकड्यांचा असतो. कॉम्प्युटर ते राउटर हा पहिला तुकडा, वायफायचा किंवा लॅन केबलचा. राउटर ते ऑपरेटर हा दुसरा, बहुधा फायबरचा. तिसरा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय. शेवटचा तुकडा म्हणजे पलीकडचा सर्व्हर. प्रत्येक तुकडा वेगळा तपासता आला की निम्मं काम झालं.

विंडोजवर हे असं करा. विंडोजचं बटन आणि आर एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत सीएमडी लिहून एंटर मारा. अशा तीन खिडक्या उघडा. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच टाकायचे.

पहिल्या खिडकीत आधी 'आयपीकॉन्फिग' लिहून एंटर मारा. 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीसमोर राउटरचा पत्ता दिसेल: १९२.१६८.१.१, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.२९.१ अशा धाटणीचा. मग त्याच खिडकीत 'पिंग', मोकळी जागा, वजा चिन्हाला जोडून 'टी', मोकळी जागा आणि तो पत्ता. पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते बघणं. दुसऱ्या खिडकीत हीच आज्ञा, पण पत्ता ८.८.८.८, म्हणजे बाहेरचा गूगलचा सर्व्हर. दोन्ही खिडक्या सेकंदाला एक याप्रमाणे ओळी टाकत राहतील. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी.

तिसरी खिडकी डीएनएससाठी. तिथे पिंग चालवून उपयोग नाही, कारण पिंग साइटचा पत्ता सुरुवातीला एकदाच विचारून घेतं आणि पुढे तोच वापरत राहतं. मध्येच डीएनएस बंद पडला तरी पिंगला ते कळत नाही. म्हणून नेट अडकेल त्या क्षणी 'एनएसलुकअप', मोकळी जागा आणि न उघडणाऱ्या साइटचं नाव टाकायचं. तीच आज्ञा नावापुढे मोकळी जागा सोडून १.१.१.१ जोडून परत मारायची. पहिल्या वेळी तुमच्या राउटरने किंवा ऑपरेटरने दिलेला डीएनएस उत्तर देतो, दुसऱ्या वेळी बाहेरचा.

आता काम करत राहा. पान अडकलं की खिडक्यांकडे बघा.

दोन्ही पिंग थांबले, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' किंवा 'जनरल फेल्युअर' दिसतंय: बिघाड घरातच, कॉम्प्युटर आणि राउटरच्या मध्ये. राउटरचा पिंग चालू, ८.८.८.८ चा बंद: राउटरपासून पुढे. दोन्ही चालू, पण एनएसलुकअप अडकतं: डीएनएस. तिन्ही ठीक आणि तरी एकच साइट येत नाही: ती साइट, नाहीतर तुमचा ब्राउझर. सरकारी साइटना थेट पिंग मारून बघू नका. त्यातल्या बऱ्याच साइट पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, आणि चालू असलेली साइट बंद वाटते.

प्रत्येक ओळीतला 'टाइम' हा आकडाही बघा. लॅन केबलवर राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यावं, वायफायवर २ ते १० मध्ये. राउटरकडूनच मध्येमध्ये ३००, ५०० येत असेल तर पुढचं काहीच तपासायला नको, वायफाय भरकटलंय. राउटर ठीक, पण रात्री ८ ते ११ मध्ये ८.८.८.८ चा आकडा ३० वरून २०० वर जात असेल तर ऑपरेटरची पुढची लाईन भरलेली आहे. त्यावर घरी बसून इलाज नाही.

ब्राउझर काय म्हणतो ते वाचा

'नेट नाही' एवढंच सांगून कुणी मदत करू शकत नाही. पानावर तळाशी बारीक अक्षरांत जी ओळ असते तिचा फोटो काढा. 'नेम नॉट रिझॉल्व्ड' किंवा 'एनएक्सडोमेन' म्हणजे नावाचा पत्ता मिळाला नाही. आधी स्पेलिंग तपासा, मग डीएनएस. 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे हाक मारली, कुणी ओ दिली नाही. 'कनेक्शन रिसेट' म्हणजे बोलणं सुरू झालं आणि मध्येच कुणीतरी तोडलं. अँटिव्हायरस, व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारं ॲप) आणि ऑपरेटरची लाईन हे तीन संशयित. 'नेटवर्क चेंज्ड' म्हणजे कॉम्प्युटरने चालता चालता जोडणी बदलली: वायफायवरून लॅनवर, नाहीतर व्हीपीएन सुटलं. डायनासोरचं चित्र आणि 'इंटरनेट डिसकनेक्टेड' आलं तर कॉम्प्युटरला कुठलीच जोडणी दिसत नाहीये.

५०२, ५०३, ५०४ हे आकडे वेगळे. ते दिसले म्हणजे तुमचं नेट थेट पलीकडच्या दारापर्यंत पोचलेलं आहे आणि तिकडचा सर्व्हर दमलाय. जुलैअखेर खरीप पीक विम्याची मुदत जवळ आली किंवा प्रवेश अर्जांचा शेवटचा दिवस असला की सेतू केंद्रांवर हेच आकडे दिसतात. तेव्हा राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा बसा. अर्जाचं काम चालू असताना मोबाइलचं वायफाय आणि डेटा दोन्ही चालू ठेवू नका. फोन एकावरून दुसऱ्यावर गेला की तुमचा बाहेरचा आयपी पत्ता बदलतो आणि काही पोर्टल सरळ लॉगआउट करतात. पैसे भरताना पान अडकलं तर रिफ्रेश न मारता आधी खात्यातून रक्कम गेली का ते बघा.

'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' आणि खाली 'सर्ट डेट इनव्हॅलिड' असेल तर उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो. तो उतरला की लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेत बसत नाही, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. थोड्या वेळाने विंडोज नेटवरून वेळ जुळवून घेतं आणि सगळं आपोआप सुरू होतं, त्यामुळे हा बिघाड भुताटकीसारखा वाटतो. सेल ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढून बदला.

घरातला तुकडा: वायफाय, भिंती, पत्ते

पहिल्याच तुकड्यात बिघाड दिसला तर सर्वात स्वस्त चाचणी म्हणजे लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून तासभर चालवणं. केबलवर ठीक चाललं तर दोष वायफायचा.

जुन्या वाड्यांत आणि माळवदाच्या घरांत दगडमातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय असल्या एका भिंतीपलीकडे धड जात नाही, २.४ चं दोनपलीकडे मरतं. फोन मग या दोन पट्ट्यांमध्ये उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीला पान अडकतं. पत्र्याच्या खोलीत लाटा परतून येतात, तिथेही हाच खेळ. सिग्नल वाढवण्याचे छोटे प्लग आणण्याऐवजी कॅट-६ केबल ओढून आतल्या खोलीत दुसरा राउटर लावावा. केबल १०० मीटरपर्यंत चालते. घुशी-उंदरांचा वावर असेल तर ती पाइपातून न्या.

हा दुसरा राउटर लावताना हमखास एक घोळ होतो. दोन्ही राउटर बऱ्याचदा १९२.१६८.१.१ याच पत्त्याचे असतात आणि दोघंही घरातल्या फोनना पत्ते वाटायला बसतात. ज्या फोनला पहिल्याकडून पत्ता मिळाला त्याचं नेट चालतं, दुसऱ्याकडून मिळाला त्याचं अडतं. उद्या उलट. उपाय असा: मुख्य राउटरला जोडण्याआधी दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, आणि मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या वॅन भोकात (बाहेरचं नेट आत घ्यायच्या) न घालता लॅनच्या भोकात घाला. हा पत्ता मुख्य राउटर दुसऱ्या कुणाला देणार नाही याची काळजी म्हणून तिथली वाटपाची यादी १० पासून सुरू करा.

लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांमधल्या होस्टेलांत प्रश्न वेगळा असतो, तो गर्दीचा. एका राउटरवर साठ पोरं, प्रत्येकाचा फोन आणि शिवाय टॅब. डीएचसीपीच्या यादीत शंभर पत्ते असतील आणि प्रत्येक पत्ता २४ तासांसाठी दिला जात असेल, तर येणारे-जाणारे पाहुणे धरून यादी दुपारपर्यंत संपते. ज्याला पत्ता मिळत नाही त्याच्या फोनवर 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' हे फिरत राहतं. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग मारलं तर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसतो. हा आकडा दिसला की निदान पक्कं: राउटरने पत्ता दिलेला नाही. यादी १० ते २५४ पर्यंत वाढवा आणि 'लीज टाइम' दोन तासांवर आणा. ऑपरेटरने दिलेले फुकटचे डबे एवढी माणसं झेलायला बनवलेलेच नसतात. मजल्यागणिक एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पसरवणारा डबा, लागतो.

आजूबाजूला तीसेक वायफाय दिसत असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल 'ऑटो' न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळं असेल ते निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. मधली चॅनेल शेजारच्या दोघांच्याही अंगावर जातात. कुठलं मोकळं आहे हे फोनवरचं वायफाय ॲनालायझरसारखं कुठलंही ॲप दाखवतं.

एकाच लॅपटॉपचं वायफाय सुटत असेल आणि बाकी सगळ्यांचं ठीक असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॉप्टर उघडा, 'पॉवर मॅनेजमेंट' मध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण काढून टाका. काही लॅपटॉपवर हा भाग दिसतच नाही. तिथे ड्रायव्हर नवा करून बघा.

लाईट आणि ऊन

नेट कधी जातं याची वेळ लिहून ठेवली की मराठवाड्यात बऱ्याच तक्रारींमागे विजेचा खेळ निघतो. फायबरचा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, तो बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. लाईट क्षणभर डोळा मारते, पंखा थांबतही नाही, पण डबा मात्र पहिल्यापासून सुरू होतो. आखाड्यावर किंवा शेतातल्या घरात थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं आणि तेच घडतं.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. यूपीएसवर ठेवला की लाईट बदलताना डबा बंद पडत नाही. पण त्या मोडवर कमी व्होल्टेजला इन्व्हर्टर लवकर बॅटरीवर जातो, म्हणजे व्होल्टेज कायमच पडकं असलेल्या गावात बॅटरी सारखी उतरेल. तिथे डब्यापुरता छोटा डीसी यूपीएस बरा. घेताना डब्याच्या ॲडॉप्टरवरचं लेबल वाचा: बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९ आणि ५ व्होल्टचेही असतात. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनचा आकार आणि धन-ऋण खूणही जुळवा. चुकून १२ चा ५ च्या डब्याला लावला तर डबा गेला. जुना ॲडॉप्टर स्वतःच थकलेला असतो तेव्हाही डबा कारण नसताना रिस्टार्ट होत राहतो. दुसऱ्या चांगल्या ॲडॉप्टरवर एक दिवस चालवून बघणं एवढीच त्याची परीक्षा.

मे महिन्यात दुपारी २ ते ५ मध्येच नेट जात असेल तर डब्याला हात लावून बघा. घरगुती डबे साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि पत्र्याखालच्या खोलीत हवा त्यापुढे जातेच. सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला, वर क्रोशाचं झाकण घातलेला डबा आधी खाली घ्या. भिंतीवर उभा, पत्र्यापासून हातभर खाली, पंख्याचं वारं लागेल असा लावा.

वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की डब्याचा प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढा. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण खांबावरून येणाऱ्या केबलला आधाराची तार असते, आणि लॅनची तार तर तांब्याचीच.

फायबर आणि डब्यावरचे दिवे

दुसऱ्या तुकड्यात बिघाड दिसला की दिवे बघा. 'पॉन' हिरवा स्थिर आणि 'लॉस' विझलेला असावा. लॉस लाल झाला म्हणजे प्रकाशच येत नाही: केबल तुटली, वाकली किंवा पलीकडून बंद आहे. रस्तारुंदीकरण चालू असेल तर बहुतेक वेळा जेसीबी. पॉन लुकलुकत राहिला म्हणजे प्रकाश येतोय, पण डब्याची तिकडे नोंद होत नाहीये.

डब्याच्या सेटिंगच्या पानावर 'ऑप्टिकल पॉवर' किंवा 'आरएक्स पॉवर' सापडतं, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. तो आकडा उणे असतो, डीबीएम या सिग्नलची ताकद मोजायच्या मापात. उणे १५ ते उणे २४ पर्यंत उत्तम. घरगुती जोडणीत नेहमी दिसणाऱ्या जीपॉन प्रकारच्या फायबर डब्यांची हद्द साधारण उणे २७ च्या आसपास संपते. इथे लक्षात घ्यायचं ते एवढंच की उणे २८ हा उणे २० पेक्षा वाईट. सकाळी उणे २३ आणि पावसानंतर उणे २८ येत असेल तर खांबावरच्या जॉइंटच्या डब्यात पाणी शिरलेलं आहे, आणि हा पुरावा केबलवाल्याला नाकारता येत नाही. सतत उणे २७ असेल तर घरातली पिवळी कॉर्ड बघा: खिळ्याला गुंडाळलेली, दाराच्या फटीत चेपलेली, कपाटामागे मुडपलेली. तिला तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वळण देऊ नका. टोक उपटून डोळ्यासमोर धरू नका. आतला प्रकाश लेझरचा असतो आणि दिसत नाही. हिरव्या टोकाची कॉर्ड निळ्या टोकाच्या भोकात बसते, पण दोघांच्या काचा वेगळ्या घासलेल्या असतात आणि प्रकाश वाया जातो. बाजारातून कॉर्ड आणताना जुन्या टोकाचा रंग बघून आणा.

काही साइट झटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असं रोज होत असेल तर पाकिटाचा आकार तपासा; नेटवरची माहिती छोट्या पाकिटांत तुकडे होऊन जाते. युजरनेम-पासवर्डवाल्या जोडणीत, म्हणजे पीपीपीओईत, एका पाकिटात १५०० ऐवजी १४९२ बाइट मावतात. 'पिंग', मग वजा 'एफ', वजा 'एल', १४६४, १.१.१.१ असं मोकळ्या जागा सोडून टाका. १४६४ मध्ये २८ बाइटचं वेष्टण मिळवलं की १४९२ होतात. उत्तर आलं तर ठीक. 'फ्रॅगमेंटेड' शब्द असलेली ओळ आली किंवा नुसतंच टाइम आउट झालं तर आकडा दहादहाने कमी करत उत्तर येईल तिथे थांबा, त्यात २८ मिळवा आणि राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, म्हणून भरा.

डीएनएस आणि ब्राउझर

एनएसलुकअप तुमच्या डीएनएसवर अडकतं आणि १.१.१.१ जोडलं की लगेच उत्तर देतं, असं दोन-तीनदा दिसलं तर राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा आणि कॉम्प्युटरवर 'आयपीकॉन्फिग', मोकळी जागा, तिरपी रेघ, लगेच 'फ्लशडीएनएस' मारा. अँड्रॉइड फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' मध्ये कुणी जाहिराती अडवण्यासाठी काही नाव टाकून ठेवलेलं असेल तर ते 'ऑटोमॅटिक' करा. तो सर्व्हर मंदावला की फोनचं सगळं नेट अडतं, आणि घरच्या बाकीच्यांचं चालत असल्यामुळे फोनच खराब वाटतो.

तिन्ही खिडक्या ठीक असताना पान अडतं तेव्हा इनकॉग्निटो खिडकीत तेच पान उघडा. तिथे आलं तर दोष एक्स्टेंशनचा किंवा कुकीजचा. सगळा इतिहास पुसू नका, त्या एका साइटच्या कुकीज पुसा. विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये कुणी प्रॉक्सी, म्हणजे नेट वळवणारा मधला सर्व्हर, चालू ठेवून गेलंय का तेही बघा. सेतू केंद्रातल्या सगळ्यांच्या हाताखालच्या कॉम्प्युटरवर हे नेहमी सापडतं. विंडोज ७ असेल तर क्रोम १०९ वरच थांबलेलं आहे, २०२३ नंतर त्यावर नवं येत नाही. नव्या साइट तिथे अर्धवट दिसतात आणि दोष नेटला लागतो.

मोबाइल डेटावर किंवा हॉटस्पॉटवर काम असेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस' बघा. सिग्नल उणे ९५ डीबीएमपर्यंत चांगला, उणे ११० च्या पुढे कामाचा नाही. फाइव्ह-जी आणि फोर-जी सारखं अदलाबदल होत असेल तर नेटवर्क फोर-जीवरच बांधून टाका. वेग थोडा कमी, पण पान अडत नाही.

ऑपरेटरला काय सांगायचं

वहीत चार रकाने आखा: तारीख-वेळ, कोणत्या खिडकीत काय दिसलं, दिवे कसे होते, लाईट होती का. आठवडाभरात सहासात ओळी झाल्या तरी पुरे. मग फोनवर 'नेट चालत नाही हो' म्हणण्याऐवजी असं सांगता येतं: "दादा, राउटरचा पिंग एकही तुटला नाही, ८.८.८.८ रोज दुपारी साडेतीनला चार मिनिटं बंद, लॉस विझलेला, पॉन लुकलुकतो, पॉवर उणे २७." हे ऐकल्यावर पलीकडचा माणूस राउटर बंद-चालू करा असं म्हणत नाही, थेट जॉइंट किंवा स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारा तुकडा) बघायला शिडी काढतो. तरी दाद लागली नाही तर कस्टमर केअरवर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे प्रत्येक सेवा कंपनीकडे अपील ऐकणारा अधिकारी असतो. तक्रार मुदतीत मिटली नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच्याकडे जाता येतं. अपिलाला हा नंबर आणि वहीच्या पानाचा फोटो जोडा.